फुटबॉलचा सामना कुणाच्या पैशावर चालतो?

७ नोव्हेंबर २०२५ या दिवशी भारतीय फुटबॉलमध्ये जे घडलं ते कुठल्याही मैदानावर घडलं नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं इंडियन सुपर लीगचे, म्हणजे आयएसएलचे, व्यापारी हक्क विकायला काढले होते. निविदेची मुदत त्या दिवशी संपली आणि बोली एकही आली नाही. महासंघाला वर्षाला किमान साडेसदतीस कोटी रुपये किंवा एकूण उत्पन्नाचे पाच टक्के, यातलं जे जास्त असेल ते द्यायचं, ही त्यातली मुख्य अट. आयपीएलच्या लिलावात लखनौनं एकट्या ऋषभ पंतसाठी २७ कोटी मोजले, त्याला तेव्हा वर्षही उलटलं नव्हतं. आणि इथं देशाच्या पहिल्या दर्जाची अख्खी फुटबॉल लीग साडेसदतीस कोटींना कुणी घ्यायला तयार नव्हतं.

रायगडच्या किनाऱ्यावरच्या फुटबॉलवेड्या पोरांना ही बातमी जरा जास्तच लागली, आणि त्याला कारण आहे. अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यातल्या माणसाला आयएसएल दिसते ती फक्त पडद्यावर. मुंबई सिटी एफसीचं घरचं मैदान अंधेरीच्या क्रीडासंकुलात. रात्री साडेसातचा सामना सुटेपर्यंत गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँचच्या फेऱ्या आटोपलेल्या असतात. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू सुरू झाल्यापासून उरण-पनवेलकडच्यांना शिवडी जवळ आली खरी, पण मुरूडच्या पोरानं दुचाकीवरून अंधेरी गाठून मध्यरात्रीनंतर घरी परतायचं हे वर्षातून एखाद्या वेळीच जमणार. खारघरला सिडकोनं फुटबॉलचं सेंटर ऑफ एक्सलन्स उभारलं आहे. जिल्ह्यात चांगलं मैदान आहे, पण पहिल्या दर्जाचा क्लब नाही. म्हणजे प्रक्षेपण बंद पडलं की इथल्या चाहत्यापुरती लीगच बंद पडली.

हे चाहते एकत्र बसले की गप्पा तीन दिशांना जातात. या कोचला हाकला आणि त्याला आणा, ही पहिली. अमक्या सामन्यावर कुणाचा किती भाव निघाला, ही दुसरी. ती आवाज थोडा खाली आणून होते. टीव्हीचे पैसे नक्की जातात कुठं, ही तिसरी. बोलताना हे तीन विषय वेगवेगळे वाटतात, पण पैसा एकाच नळातून येतो. तो नळ कुठून सुरू होतो ते आधी पाहू.

इंग्लंडपासून सुरुवात करावी लागेल, कारण आपल्याकडच्या शनिवार-रविवारच्या रात्री इंग्लिश प्रीमियर लीगनं कधीच ताब्यात घेतल्या आहेत. १९९२ पर्यंत तिथल्या पहिल्या विभागातल्या क्लबना टीव्हीचा पैसा खालच्या विभागांबरोबर वाटून घ्यावा लागत असे. ते मोठ्या क्लबना नकोसं झालं. ते वेगळे निघाले, स्वतःची लीग काढली आणि थेट प्रक्षेपणाचे हक्क स्काय या तेव्हा चाचपडणाऱ्या उपग्रह वाहिनीला पाच वर्षांसाठी सुमारे १९ कोटी १० लाख पौंडांना विकले. २०२५-२६ पासून सुरू झालेला चार वर्षांचा देशांतर्गत करार ६७० कोटी पौंडांचा आहे, मुख्यतः स्काय आणि टीएनटी यांच्याशी. वर्षाच्या हिशेबानं ही वाढ चाळीसपटीहून जास्त भरते. परदेशांतल्या हक्कांचे पैसे त्यात धरलेले नाहीत. आपण मोबाइलवर बघतो त्याचे पैसे त्या दुसऱ्या थैलीत जातात.

इथं एक गंमत फार कमी जणांना ठाऊक असते. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत फुटबॉलच्या थेट प्रक्षेपणाला मनाई आहे. लोक घरी टीव्हीसमोर बसले तर खालच्या विभागांतल्या छोट्या क्लबांच्या मैदानांवर कोण जाणार, म्हणून १९६० च्या दशकापासून ही प्रथा पाळली जाते. त्यामुळे शनिवारी दुपारी तीनचा, म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात रात्री साडेआठचा सामना श्रीवर्धनच्या घरात बसून रीतसर दिसतो, आणि तोच सामना मँचेस्टरमधल्या माणसाला स्वतःच्या घरात रीतसर बघता येत नाही. ज्या देशानं जगाला फुटबॉलचं सर्वात महागडं प्रक्षेपण विकलं, त्यानं आपल्या गावोगावच्या मैदानांसाठी आठवड्यातले अडीच तास अजून राखून ठेवले आहेत. हे मला मनापासून आवडतं.

या पैशाची वाटणीही समजून घेण्यासारखी आहे. देशांतर्गत रकमेतला निम्मा हिस्सा वीसही क्लबांत सारखा वाटला जातो. पाव हिस्सा गुणतक्त्यातल्या क्रमांकाप्रमाणे जातो. उरलेला पाव ज्याचे सामने टीव्हीवर जास्त दाखवले त्याला. २०२४-२५ मध्ये विजेत्या लिव्हरपूलला लीगकडून सुमारे साडेसतरा कोटी पौंड मिळाले आणि शेवटच्या क्रमांकावरच्या साउदॅम्प्टनला सुमारे १० कोटी ९० लाख. साउदॅम्प्टननं अख्ख्या हंगामात फक्त १२ गुण मिळवले होते. तरीही त्याच्या वाट्याला आपल्या चलनात बाराशे कोटींच्या आसपास रक्कम आली. आपल्या महासंघानं पूर्ण लीगसाठी मागितलेल्या किमान रकमेच्या ही तीसपट.

आता प्रश्न असा की तळाच्या क्लबलाही इतका पैसा मिळतो, तर तिथले मालक कोचला इतक्या घाईनं का काढतात? उत्तर याच आकड्यात आहे. लीगमध्ये टिकलात तर पुढच्या वर्षी पुन्हा तेवढे पैसे. खालच्या विभागात घसरलात तर टीव्हीची रक्कम कोसळते. मग समान हिश्शाच्या रकमेवर पहिल्या वर्षी ५५ टक्के, दुसऱ्या वर्षी ४५ टक्के आणि तिसऱ्या वर्षी २० टक्के असा ओसरता आधार मिळतो. खेळाडूंचे करार मात्र वरच्या पगारांवर झालेले असतात. त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरात संघ तळाला दिसू लागला की संचालकांच्या डोळ्यांपुढं गुणतक्ता नसतो, पुढच्या वर्षीचा ताळेबंद असतो. पंचवीस खेळाडू एका रात्रीत बदलता येत नाहीत, कोच येतो. साउदॅम्प्टननं डिसेंबर २०२४ मध्ये रसेल मार्टिनला काढलं आणि इव्हान युरिचला आणलं. एप्रिलमध्ये, सात सामने बाकी असतानाच, त्यांचं खाली जाणं पक्कं झालं आणि युरिचही गेला. पुढच्या हंगामात नॉटिंगहॅम फॉरेस्टनं अँज पोस्टेकोग्लूला आणून ३९ दिवसांत घरी पाठवलं. आठ सामने, विजय एकही नाही.

कोच बदलल्यानं संघ सुधारतो, हे चाहत्यांना डोळ्यांनी दिसतं. पाच सामने हरलेला संघ नवा माणूस आल्यावर दोन जिंकतो, मग वाद कशाला? डच अर्थतज्ज्ञ बास तेर वेल यांनी नेदरलँड्सच्या पहिल्या विभागातले १९८६ ते २००४ या काळातले निकाल घेऊन याचा छडा लावला. कोच काढला गेला त्याआधी संघाची कामगिरी ढासळलेली होती आणि नंतर सुधारली, इथवर चाहत्यांचं म्हणणं बरोबर निघालं. पण त्यांनी शेजारी दुसरा गट ठेवून पाहिला: तितकेच ढासळलेले, पण ज्यांनी कोच बदललाच नाही असे संघ. तेही तसेच सावरले होते. वाईट काळ मुळातच थोडा नशिबाचा असतो. चेंडू खांबाला लागून बाहेर जातो, बचावपटू जायबंदी होतो, पंच पेनल्टी देत नाही. हे सगळं एकदम जुळून आलं की संघ त्याच्या खऱ्या कुवतीपेक्षा खाली जातो, आणि जुळणं थांबलं की आपोआप मूळ पातळीकडे येतो. कोचला नेमकं तळ गाठलेल्या क्षणी काढतात, म्हणून नंतरच्या चढणीचं श्रेय नव्या माणसाला मिळतं. म्हणून कोणताच कोच संघ घडवत नाही असं नाही. पण पाच सामन्यांचा पुरावा तोकडा असतो, हे मात्र खरं.

आपल्या मुंबईतच याचं ठळक उदाहरण होऊन गेलं आहे. आयएसएलच्या आधीपासून मुंबई एफसी नावाचा एक क्लब होता, २००७ सालचा. खालिद जमील यांनी तिथं २००९ पासून सात वर्षं कोच म्हणून काढली. तुटपुंजा पैसा, कूपरेजचं छोटं मैदान, आणि दरवर्षी एकच उद्दिष्ट: आय-लीगमध्ये टिकून राहायचं. ते टिकवत राहिले. दिसायला देखणा नसलेला, बचावावर भर देणारा त्यांचा खेळ अनेकांना रटाळ वाटे. २०१६ मध्ये ते तिथून गेले आणि मिझोरमच्या ऐझॉल एफसीला मिळाले. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये बरोबरी साधून ऐझॉलनं आय-लीग जिंकली. ईशान्येकडच्या राज्यांतला पहिला राष्ट्रीय विजेता संघ. त्याच हंगामात मुंबई एफसीनं मध्येच कोच बदलला, तरी संघ शेवटचा आला, खाली गेला आणि पुढं तो क्लबच बंद झाला. १ ऑगस्ट २०२५ रोजी जमील भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. सावियो मेदेइरा यांच्यानंतर तेरा वर्षांनी त्या जागी भारतीय माणूस आला.

त्यांच्याआधीच्यांची कहाणी खर्चाच्या अंगानं बघण्यासारखी आहे. क्रोएशियाचे इगोर स्टिमाच यांना महासंघानं १७ जून २०२४ रोजी काढलं. त्यांचा करार २०२६ पर्यंतचा होता. वाद जागतिक महासंघापर्यंत गेला आणि शेवटी चार लाख डॉलर, म्हणजे सव्वातीन कोटींहून अधिक रुपये, देऊन तडजोड झाली. सोशल मीडियावर ‘स्टिमाच आउट’ लिहिणाऱ्यांत मीही मनानं सामील होतो. पण एका जिल्ह्यातल्या किती शाळांना त्या पैशांत चेंडू, जाळी आणि प्रशिक्षक मिळाले असते, हा विचार तेव्हा आमच्यापैकी कुणी बोलून दाखवला नाही. त्यांच्यानंतर आलेले मानोलो मार्केझ एकाच वेळी एफसी गोवा आणि भारत अशा दोन संघांचे कोच होते. एवढ्या मोठ्या देशाच्या संघाला पूर्णवेळ माणूस नव्हता, यावर आणखी काही म्हणायला नको.

गोव्याचा विषय निघालाच आहे तर सर्जिओ लोबेरा यांच्याबद्दल सांगायला हवं, कारण मुंबई सिटीचं सोनेरी पर्व तिथून सुरू होतं. जानेवारी २०२० च्या शेवटी एफसी गोवा गुणतक्त्यात पहिल्या क्रमांकावर असताना क्लबनं लोबेरांना नारळ दिला. हंगामाचे उरलेले सामने क्लिफर्ड मिरांडा यांच्या देखरेखीखाली खेळून गोव्यानं लीग शील्ड जिंकली. लोबेरा मात्र मुंबईला आले, आणि त्यांच्या मागोमाग ह्यूगो बुमू, अहमद जाहू, मुर्तादा फॉल, मंदार राव देसाई अशी गोव्याचा कणाच असलेली मंडळीही आली. २०२०-२१ मध्ये मुंबईनं शील्ड आणि चषक दोन्ही जिंकले. अंतिम सामन्यात बिपिन सिंगचा नव्वदाव्या मिनिटाचा गोल आठवून आजही अंगावर काटा येतो. पण हे घडलं त्याच्या मुळाशी पैसा होता. नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपनं मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला होता. नंतर आलेल्या डेस बकिंगहॅम यांच्या संघानं एप्रिल २०२२ मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा पहिला विजय नोंदवला. बकिंगहॅम स्वतःच्या गावच्या ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेल्यावर आलेल्या पेत्र क्रातकी यांनी मे २०२४ मध्ये कोलकात्यात मोहन बागानला ३-१ हरवून चषक पुन्हा आणला. कोच बदलत गेले, संघ जिंकत राहिला, कारण खेळाडू शोधणारी, आकडेवारी तपासणारी मागची यंत्रणा तीच होती.

आणि मग लीगचा पैसाच आटला. ते का झालं हे नीट सांगायला हवं. महासंघानं ९ डिसेंबर २०१० रोजी रिलायन्स आणि आयएमजी यांच्या जोडकंपनीशी पंधरा वर्षांसाठी ७०० कोटींचा करार केला. त्यातूनच २०१४ मध्ये आयएसएल उभी राहिली. लीग चालवणाऱ्या एफएसडीएल या कंपनीत रिलायन्सबरोबर स्टार वाहिनीचा वाटा होता आणि सामने दाखवणारी वाहिनीही बराच काळ स्टारच होती. पुढं हक्क गेले ते व्हायकॉम१८ कडे, म्हणजे पुन्हा रिलायन्सच्याच घरात. शेवटी तर दोन्ही घरं जिओस्टार नावानं एक झाली. रेवसच्या धक्क्यावर मासळीचा लिलाव बघितलेल्या माणसाला यातली मेख लगेच कळेल. चार व्यापारी उभे असले की पापलेटाच्या टोपलीचा भाव ठरतो. टोपलीचा मालक आणि गिऱ्हाईक एकच असेल, तर कागदावर लिहिलेल्या आकड्याला भाव म्हणता येत नाही. अकरा हंगाम आयएसएलच्या प्रक्षेपणाची खरी किंमत बाजारात कधी तपासलीच गेली नाही. करार ८ डिसेंबर २०२५ ला संपणार होता. नूतनीकरण रखडलं, त्यात महासंघाच्या घटनेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित. ११ जुलैला एफएसडीएलनं पुढचा हंगाम थांबवल्याचं कळवलं. ऑगस्टच्या सुरुवातीला बंगळुरू एफसीनं खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार थांबवले. नोव्हेंबरात निविदा कोरी परत आली. डिसेंबरच्या शेवटी सिटी फुटबॉल ग्रुपनंही मुंबईतला आपला हिस्सा सोडला आणि क्लब पुन्हा मूळ भारतीय मालकांकडे आला.

हाच टीव्ही आमच्या जिल्ह्यातल्या लाल मातीतल्या खेळावर कसा फिरला, तेही शेजारी ठेवून बघावं. कबड्डी रायगडच्या गावागावांत आहे. पेण, अलिबाग, रोह्याकडे रात्रीच्या प्रकाशझोतातल्या स्पर्धांना बायाबापड्यांसकट अख्खं गाव लोटतं. २६ जुलै २०१४ रोजी वरळीत प्रो कबड्डी सुरू झाली. पहिल्याच हंगामाची प्रेक्षकसंख्या ४३ कोटींवर मोजली गेली, आणि पुढच्या वर्षी स्टारनं लीगच्या मालक कंपनीचा ७४ टक्के वाटा घेतला. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवायचाच, नाहीतर चढाईपटू बाद, हा नियम प्रो कबड्डीनं आणला. तो प्रेक्षकाला रिमोटपासून दूर ठेवण्यासाठी किती चपखल आहे हे कुठलीही चढाई बघून कळतं. मालक आणि दाखवणारा एकच, हे इथंही आहेच. फरक एवढा की कबड्डीचा चढाईपटू ज्या गावातून येतो तेच गाव संध्याकाळी टीव्हीसमोर बसतं. फुटबॉलचा आपला चाहता मात्र साडेआठला लिव्हरपूल बघतो आणि आयएसएलला उरलेला वेळ देतो. प्रक्षेपणाची किंमत प्रेक्षकाच्या त्या वेळेतूनच ठरते.

आता सट्टा. यावर हळू आवाजात बोलण्यापेक्षा मोकळेपणानं बोललेलं बरं.

मुंबई आणि कोकणच्या माणसाला मटका शिकवावा लागत नाही. ओपन, क्लोज, आकडा हे शब्द पानटपरीवर उभं राहूनच कानावर पडले. पण तो सुरू कसा झाला हे आठवण्यासारखं आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव तारेनं मुंबईला येत, आणि त्या आकड्यांवर लोक पैसे लावत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव यायचे थांबले, तेव्हा कल्याणजी भगत आणि नंतर रतन खत्री यांनी चिठ्ठ्या आणि पत्त्यांतून आकडा काढायला सुरुवात केली. सट्ट्याला असा आकडा लागतो जो लावणाऱ्याच्या हाताबाहेरचा आहे, सगळ्यांना एकाच वेळी कळतो आणि ज्यावर सगळ्यांचा विश्वास बसतो. न्यूयॉर्कचा कापूस त्यासाठी उत्तम होता. आज ती जागा टीव्हीवरच्या सामन्यानं घेतली आहे. प्रक्षेपण जितकं दूर पोहोचतं, तितका सट्ट्याचा बाजार वाढतो. म्हणूनच प्रीमियर लीगच्या जर्सीच्या छातीवर वर्षानुवर्षं सट्टा कंपन्यांची नावं झळकली. त्या कंपन्यांचं गिऱ्हाईक इंग्लंडमध्ये कमी आणि आशियात जास्त. एप्रिल २०२३ मध्ये क्लबांनी २०२५-२६ च्या हंगामाअखेर छातीवरून ही नावं काढायचं मान्य केलं. बाहीवरची आणि मैदानाकडेच्या फलकांवरची त्यातून सुटली.

बुकी पैसा कसा काढतो, हे कागदावर मांडलं की झटकन दिसतं. समजा, दोन्ही बाजू अगदी तुल्यबळ आहेत. खरा भाव शंभराला दोनशे, म्हणजे २.०० असायला हवा. बुकी दोन्हींवर १.९० देतो. दोन माणसांनी समोरासमोर शंभर-शंभर लावले, तर बुकीकडे दोनशे आले आणि जिंकलेल्याला तो एकशे नव्वद देतो. दहा रुपये त्याचे, कोण जिंकलं याची त्याला फिकीर नाही. म्हणजे लावलेल्या प्रत्येक शंभरामागे सरासरी पाच रुपये गेले. मग पोरांना आवडतो तो चार सामने एकत्र जोडून लावायचा प्रकार येतो, कारण त्यात आकडा मोठा दिसतो. चारही निकाल बरोबर आले तरच पैसे. इथं बुकीचा वाटा चार वेळा कापला जातो: ०.९५ चा चारदा गुणाकार केला तर ०.८१ उरतात. शंभरातले जवळजवळ एकोणीस रुपये सामना सुरू होण्याआधीच गेले. फुटबॉल किती कळतो याचा या कपातीशी काहीही संबंध नाही. ज्यांना आकडेवारीतून बुकीला हरवता आलं, त्या मॅथ्यू बेनहॅम आणि टोनी ब्लूम यांनी त्यासाठी माणसं नेमून कंपन्या उभ्या केल्या आणि पुढं अनुक्रमे ब्रेंटफर्ड आणि ब्रायटन हे क्लबच चालवायला घेतले. त्याच बेनहॅमच्या ब्रेंटफर्डचा गोल करणारा हुकमी खेळाडू आयव्हन टोनी मे २०२३ मध्ये सट्ट्याचे नियम २३२ वेळा मोडल्याबद्दल आठ महिने घरी बसला, ही या धंद्यातली फार दुखरी गोष्ट आहे. ब्रिटनमध्ये तर पुढचा हाकलला जाणारा कोच कोण, यावरही रीतसर भाव निघतात. एका माणसाच्या नोकरीवर लोक पैसे लावतात, आणि भाव घसरला की त्याचीच बातमी होते.

आपल्याकडे जुगारबंदीचा मुंबई कायदा १८८७ पासून आहे, पण तो फोनपर्यंत पोहोचत नव्हता. परदेशी सट्टा कंपन्यांनी आपल्या नावापुढं ‘न्यूज’ लावून जाहिराती केल्या, आयएसएलच्या जर्सींवरही त्या आल्या; केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाला २०२२ मध्ये जून आणि ऑक्टोबर अशा दोनदा सूचना काढाव्या लागल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख; खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही, त्याला बळी मानलं आहे. ड्रीम११ नं पैशाच्या स्पर्धा बंद केल्या आणि भारतीय क्रिकेट संघाचं प्रायोजकत्व सोडलं. क्रिकेटला काही आठवड्यांत अपोलो टायर्स मिळाली. फुटबॉलची निविदा निघाली ती याच्या दोनच महिन्यांनंतर, जाहिरातींवर भरमसाट खर्च करणारं एक अख्खं क्षेत्र बाजारातून उठून गेलेलं असताना. कायदा योग्यच होता असं माझं ठाम मत आहे. पण त्याची झळ क्रिकेटपेक्षा छोट्या खेळांना जास्त बसली, हेही खरं.

कॅमेरा आणि सट्टा एकत्र आले की काय होऊ शकतं, हे गुजरातमधल्या मोलिपूर गावात २०२२ मध्ये दिसलं. मेहसाणा जिल्ह्यातल्या त्या गावात शेतात खेळपट्टी केली, दिवे लावले, शेतमजुरांना सामन्यामागे चारशे रुपये देऊन आयपीएल संघांच्या जर्सी चढवल्या, समालोचकाचा आवाज घातला आणि सामने यूट्यूबवरून रशियातल्या सट्टेबाजांना दाखवले. चौकार कधी मारायचा ते वॉकीटॉकीवरून ठरत होतं. पोलिस आले तेव्हा तथाकथित स्पर्धा बाद फेरीपर्यंत पोहोचली होती. इथं पोचला की सट्टा उलटा फिरतो: आधी सामन्यामुळे आकडा होता, आता आकड्यासाठी सामना तयार होतो. आपल्या किनाऱ्यावरच्या टेनिस बॉलच्या स्पर्धाही आता यूट्यूबवर थेट दिसतात. आयोजक बहुतेक ठिकाणी गावचेच असतात, खेळावर मनापासून प्रेम करणारे. मोलिपूरची हकिकत त्यांनी माहीत करून घ्यावी, आणि धावफलकाचा प्रत्येक चेंडू कुणी अनोळखी माणूस विकत मागायला लागला तर त्याला दारातूनच परत पाठवावं.

६ जानेवारी २०२६ रोजी केंद्रीय क्रीडामंत्री मनसुख मांडविया यांनी आयएसएल १४ फेब्रुवारीला सुरू होणार असल्याचं जाहीर केलं. सगळे १४ क्लब, प्रत्येकाशी एकदाच गाठ, एकूण ९१ सामने. आधीच्या हंगामात प्रत्येक संघाला साखळीत २४ सामने मिळाले होते. नव्या आराखड्यात १३. टीव्हीच्या पैशाचा थेट परिणाम कोचच्या खुर्चीवर कसा होतो, ते या दोन आकड्यांत बघता येईल. चोवीस सामन्यांत खांबाला लागलेले चेंडू आणि हुकलेल्या पेनल्टी बऱ्यापैकी सारख्या वाटल्या जातात. तेरा सामन्यांत नशिबाला सावरायला जागाच उरत नाही. चार सामने वाईट गेले की एक तृतीयांश हंगाम गेला. डच आकडेवारीनुसार अशा वेळी कोचला हात लावू नये, आणि रिकाम्या तिजोरीचा क्लब नेमका अशाच वेळी हात लावतो. त्यामुळे तेरा सामन्यांच्या लीगमध्ये पाचव्या सामन्याला ‘कोच आउट’ म्हणायच्या आधी चाहत्यानं गोलांकडे न बघता संघानं गोलच्या किती चांगल्या संधी निर्माण केल्या आणि किती दिल्या ते मोजावं. गुणतक्त्याच्या आधी सुधारणा तिथं दिसते, आणि ते मोजायला अंधेरीपर्यंत जावं लागत नाही.